टॉवेलच्या आधारानं

इंदूरची आमची मिल बंद पडली, भोंगा थांबला, तरी माझी झोप त्याच वेळी मोडायची. मग मी उगाच बाहेर पडायचो. गल्लीच्या तोंडाशी रोज एक दहा-अकरा वर्षांची मुलगी दिसायची. तिच्या म्हाताऱ्या कुत्र्याचे मागचे पाय गेले होते. त्याच्या पोटाखालून टॉवेल घालून, दोन्ही टोकं वर ओढून धरत ती त्याला चालवायची. तो थांबला की तीही निमूट थांबायची.

एकदा ती दमून एका ओट्यावर बसली होती. तळहात लालबुंद झाले होते.

"डॉक्टरला दाखवलं का, बेटा?" मी विचारलं.

"हो काका. डॉक्टरसाब बोलले, अब इसमें कुछ नहीं बचा, सुई लगवा दो."

"मग?"

"पप्पांची पण मिल बंद आहे ना. ते बोलले, काम होत नाही म्हणून कोणी मारतं का? चल घरी."

कुत्रा उठायला धडपडू लागला, तशी ती उभी राहिली. मी टॉवेलचं एक टोक धरलं. एवढ्या हडकुळ्या जिवाचं इतकं वजन असेल, असं वाटलं नव्हतं.