चिंधी बांधलेल्या मिरच्या

आज गच्चीवरच्या कुंडीतली मिरची खुडताना देठाचा तो हिरवा, तिखट वास बोटांना लागला आणि मी निजामाच्या राज्यातल्या औरंगाबादेत, बानूखालांच्या परसात जाऊन उभी राहिले.

खाला आमच्या शेजारच्या सरकारी घरात राहायच्या. त्यांच्या परसात ठेच्यासाठी लवंगी, भरून तळायला जाड पोपटी आणि सालनाच्या रश्श्याला रंग देणारी लांब मिरची होती. प्रत्येक जातीच्या एका झाडाला त्या चिंधी बांधायच्या. ते बियाचं झाड, त्याला कुणी हात लावायचा नाही.

त्या सकाळी दारात टांगा उभा होता. खालूंची, म्हणजे खालांच्या यजमानांची, हैदराबादला बदली झाली होती आणि संध्याकाळी त्या घरात नवे अंमलदार राहायला येणार होते. चिंधीच्या झाडांवरच्या मिरच्या अजून हिरव्यागार होत्या. खाला त्याच एकेक तोडून पदरात घेत होत्या.

"आपा, निघा आता, टांगेवाला खोळंबलाय," आई हळूच म्हणाली.

"वहां जाके लगाती, भाभी. उगवतील ना?"

आईनं जमिनीवर पडलेल्या चिंध्यांकडं पाहिलं. "व्हय, उगवतील की."

टांगा वळला तसा आईनं पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं, मिरचीचा हात लागला असेल. हिरव्या मिरचीचं बी रुजत नाही, ती झाडावरच लाल व्हावी लागते, हे आईला खालांनीच शिकवलं होतं.