हौसाच्या शेजारचं कुत्रं

सावधान! अत्यंत गंभीर निवेदन आहे. रेडिओ बंद करा, तोंडातलं पान थुंकून या, आणि घरात कुणी हळव्या मनाचं असेल तर त्याला दळण आणायला पाठवा. मी एका सशाच्या बाबतीत खोटं बोलले होते.

हसलात ना? हसा. मी बोलायला लागले की लोक हसतातच. लग्नघर असो, शाळेची सहल असो, घाटात एस.टी. बंद पडलेली असो, मला मध्ये बसवतात आणि म्हणतात, बाई, होऊन जाऊ द्या. आमच्या सशांच्या आश्रमाचे किस्से तर मी इतके सांगितलेत की ऐकणारेच पुढचं वाक्य आधी बोलतात. पण ही गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. स्वतःला सांगायला बसले तरी निम्म्यावर चहा टाकायला उठते.

आज उठणार नाही. पण आधी आश्रम — तो सांगू द्या, म्हणजे मलाही जरा धीर येईल.

बहात्तरचा दुष्काळ सरला होता. आमच्या भागात एक गोड बोलणारा माणूस जोडधंदा घेऊन आला. पांढऱ्या सशांची जोडी घ्या, पिल्लं आम्ही येऊन घेऊन जाऊ. इस्लामपूरपासून शिराळ्यापर्यंत लोकांनी जोड्या घेतल्या. माणूस गेला तो गेलाच. ससे राहिले — आणि सशांचं कसं, ते नुसते राहत नाहीत, वाढतात. दूध देईनात, अंडी घालीनात, राखणही करीनात. मग लोकांनी विचार केला, ससा म्हणजे रानातलं जनावर, रानातच सुखी. दिले उसात सोडून. अगदी चांगुलपणानं हं! पण खोक्यात वाढलेला पांढराफेक ससा हिरव्या उसात म्हणजे फळ्यावरचा खडूचा ठिपका. कुत्र्यांना वास घ्यायचीसुद्धा गरज पडेना.

मी तेव्हा इस्लामपुरात मास्तरीण. एका सकाळी शाळेच्या कुंपणात असाच एक अडकलेला सापडला. तो पदरात घेऊन मी शेजारच्या दस्तगीरचाचांच्या सुतारखान्यात शिरले, एखादं खोकं द्या म्हणून. चाचांनी खोकं दिलं. पुढच्या आठवड्यात आणखी चार दिली. मग सुतारखान्यामागची पत्र्याची शेडच दिली. रविवारी माणसं जमायला लागली — कुणी लसूणघासाची पेंढी आणी, कुणी लेंड्या काढी, कुणी नुसतंच बसून सल्ले देई. गावानं आम्हाला वेड्यात काढलं. पण वेड्यांत जी मजा असते ती शहाण्यांना काय ठाऊक?

ससा कुणाला द्यायचा झाला, तर आम्ही स्थळ बघायला जायचो. हो, अगदी मुलीचं बघतात तसं. चाचांचा हट्ट. "बाई, आपण पोरगी देतोय, कोंबडी न्हवं," म्हणायचे. घर बघायचं, सावली बघायची, दिवसा घरी कोण असतं ते विचारायचं, आणि कुत्रं दिसलं की चहासुद्धा न पिता उठायचं. पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर सांगायचं — पसंत की नापसंत. पसंत असलं की पाठवणी. सशाच्या कपाळाला कुंकू, सोबत घासाची पेंढी, आणि कोपऱ्यात तोंड फिरवून नाक ओढणारे दस्तगीरचाचा.

आणि तिथं हौसा यायची.

हौसा शिराळ्याच्या वाटेवरच्या एका गावची. नवरा फौजेत, दूर वर कुठंतरी बर्फात. मूलबाळ नाही. सासूसासरे गेलेले. शेजारी दीर, त्याचं वेगळं बिऱ्हाड. रविवारी सकाळच्या गाडीनं यायची, डोक्यावर घासाचं ओझं, आणि शेडमध्ये शिरायच्या आधीच विचारायची, "बाई, चालू केलं का न्हाई अजून?" म्हणजे किस्सा. कसं सांगू तिचं हसणं? आधी श्वास आत ओढायची, डोळे मिटायची, गुडघ्यावर एक थाप — आणि मग ते हसू यायचं. पत्रा वाजायचा. ससे कान टवकारायचे. आम्ही सगळे मग तिला बघून हसायचो, माझा किस्सा राहायचा बाजूला. अहो, शाळेत चाळीस पोरं माझं ऐकायची, पण ती छडीला भिऊन. हौसा माझं ऐकायची ते — काय म्हणू? तहान लागल्यासारखी. मी सोमवारपासून रविवारची तयारी करायची. हेडमास्तरांच्या धोतराचा सोगा सशानं खाल्ला, तो किस्सा मी तिच्यासाठी तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगितलाय.

तर तिथं एक ससा होता, मेजर. एक कान कुत्र्यानं फाडलेला, बोका आला तरी जागचा न हलणारा. नाव हौसानंच ठेवलेलं. तो तिच्या मांडीवर झोपायचा आणि दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. एका रविवारी, घास निवडता निवडता, वर न बघता ती म्हणाली, "बाई, मेजर मला द्या की. तिन्हीसांजेला रानातनं घरी जाती, तवा कुणाला तरी 'आले रं बाबा' म्हनावं वाटतंय. भित्तीला किती दिस म्हनायचं?"

मला हे तेव्हाच पुरतं कळलं होतं, बरं का. कळलं नव्हतं असं मी म्हणणार नाही.

स्थळ बघायला दोघांनी जायचं असा नियम. पण चाचांचा गुडघा धरला होता, म्हणून मी एकटीच गेले. तिनं ओसरीचा कोपरा सारवून ठेवला होता. बुरुडाकडून नवी पाटी आणली होती, त्यात वाळलं गवत. परड्यात लसूणघासाचा वाफा — मेजरसाठी वेगळा. दिराकडं सशाच्या शिकारीचं कुत्रं होतं, ते मला ठाऊक होतं. तिनंच कधीतरी सांगितलेलं. मी काही विचारायच्या आत ती मला हाताला धरून त्याच्या अंगणात घेऊन गेली. जमिनीत ठोकलेली मेख दाखवली. मोकळी.

"भावजींच्या पाया पडले," म्हणाली. "लय कुरकुरलं. पर दिलं धाडून कुत्रं सासुरवाडीला. आता तर झालं न्हवं पसंत?"

मी गूळ घातलेला चहा प्याले. झालं, म्हणाले. ती एस.टी.पर्यंत पोचवायला आली आणि वाटभर बोलत होती — मेजरला हे आवडंल का, मेजरला ते चालंल का.

आणि गाडीत बसल्यावर मला दिसायला लागलं. मेजर हिच्या घरी आला, की हौसा आश्रमात कशाला येईल? सकाळची गाडी, तीन तासांचा खोळंबा, ओझं. कशासाठी? तिला 'आले रं बाबा' म्हणायला कुणीतरी मिळेल. माझं काय? मी रविवारी कुणाला सांगू? — खिडकीबाहेर उसाची तोड चालली होती, आणि मी, चांगली शिकलेली बाई, एका सशावर जळत होते.

पुढचा रविवार. सगळे गोल बसलेले. हौसा समोर, मांडीवर मेजर. चाचांनी विचारलं, "मग बाई? पोरीचं घर कसं हाय?"

मी म्हणाले, "घर छान आहे. पण शेजारी शिकारीचं कुत्रं आहे."

इतकंच. मला आवाजसुद्धा चढवावा लागला नाही. किस्से सांगणाऱ्या माणसाला खोटं बोलायला कष्ट पडत नाहीत.

हौसानं माझ्याकडं बघितलं. ती एक वाक्य जरी बोलली असती — कुत्रं गेलं, बाईंना मोकळी मेख दाखवली — तर मी तिथंच उघडी पडले असते. तिनं मेजरला जवळ ओढलं. चाचा हळहळले, "आरारा! मग न्हाई जमायचं पोरी. नेम म्हंजे नेम." तिनं मान हलवली, उठली आणि मेजरला खोक्यात ठेवून कडी लावली. मेजरनं जाळीला नाक लावलं. मी दुसरीकडं बघितलं.

संध्याकाळी मी तिच्याबरोबर स्टँडवर गेले. वाटेत ती थांबली. "बाई, कुत्र्याचं नाव का घेतलं? सगळ्यांम्होरं बोलता यीना असं काय दिसलं का माज्यात? पोर झालं न्हाई म्हनून... माज्या हातात जीव जगायचा न्हाई, असं वाटलं व्हय?"

बघा! मी माझ्या स्वार्थासाठी खोटं बोलतेय, हे तिच्या मनात आलंच नाही. मी तिची अब्रू झाकतेय असं वाटलं तिला. तेव्हा बोलायचं होतं. रस्त्यात दुसरं कुणी नव्हतं, गाडीही आली नव्हती. मी काय केलं? मी हेडमास्तरांच्या धोतराचा किस्सा सांगितला. चौथ्या तऱ्हेनं. ती हसली, आणि मला वाटलं, सुटले.

मेजर कोयनानगरच्या कॉलनीत एका कुटुंबाकडं गेला. भूकंपाच्या गावाला पोरगी चालली म्हणून चाचांनी खोक्याला चार खिळे जास्त मारले. कुंकू हौसानं लावलं. बोट कपाळावर ठेवलं ते बराच वेळ उचललं नाही.

पुढं माझं लग्न झालं, साताऱ्याला आले. चाचा गेले, शेड गेली. हौसाच्या नवऱ्याला क्वार्टर मिळालं आणि ती तिकडं उत्तरेला गेली, असं ऐकलं. नंतर ती दिसली नाही. आणि माझं म्हणाल तर आजही किस्सा सांगताना एका ठिकाणी मी थांबते. लोकांना वाटतं, काय झकास थांबते ही! ती तिच्या हसण्याची जागा आहे. तिथं आधी श्वास यायचा, मग थाप. मी थांबते, वाट बघते. मग दुसरंच कुणीतरी हसतं, आणि मी पुढं जाते.

मेजर गेल्यावर ती आश्रमात एकदाच आली होती. मी तिच्यासाठी नवा किस्सा जुळवून ठेवला होता — ससा, मामलेदार आणि जप्तीची गाय. हातवारे करून सांगितला. सगळे लोळायचे बाकी होते. हौसानं ना श्वास ओढला, ना डोळे मिटले. घासाची पेंढी सोडायची तशीच ठेवून ती माझ्याकडं बघत होती. आणि सगळ्यांच्या हसण्यातनं वर ऐकू येईल अशा आवाजात तिच्या तोंडून निघून गेलं —

"आवं बाई, ह्यातलं तरी काय खरं हाय का वो?"