फाशांचं तोरण

येरवड्याच्या नव्या इमारतीत गेल्यावर आमच्या सॉफ्टवेअर कंपनीने स्वागतकक्षात चक्क जंगल आणलं. म्हणजे वादळात पडलेल्या सागाचा एक ओंडका, पॉलिश करून, वर काच टाकून. आणि दारावर तोरण म्हणून ससे धरायचे दोरीचे फासे, ओळीने टांगलेले. खाली पाटी, 'ट्रायबल आर्ट'. परदेशी पाहुण्यांना जंगल आवडतं, फक्त ते एसीत असावं लागतं. त्या फाशांखालून आम्ही रोज गळ्यात पट्टे अडकवून आत शिरायचो आणि कुणाला काही वाटायचं नाही.

'फॅमिली डे'ला मी वडिलांना नेलं. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात त्यांनी कामगार म्हणून जन्म काढला. बालपण चंद्रपूरकडच्या जंगलाकाठी गेलेलं. ऑफिसात मात्र मी त्यांना परस्पर फॉरेस्ट ऑफिसर करून टाकलं होतं. या बढतीची कल्पना फक्त त्यांनाच नव्हती.

"काका, तुम्ही फॉरेस्ट ऑफिसर होतात ना?" मॅनेजरने दारातच विचारलं.

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. आता हे खरं सांगणार आणि उद्यापासून मी तोंड कुठे लपवणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

"हो, होतो ना," ते म्हणाले. मग तोरणाकडे बघत, "पण हे वर काहून टांगलं? हे जमिनीवर लावायचं असते. आडव्या पडलेल्या लाकडावरून ससा जात नाही, बाजूनं वाट काढते. तिथंच फासा."

"वॉव! मग कुणाला पकडलंत का कधी?"

"एका बाईला. पडलेल्या झाडाच्या फांद्या तोडून मोळी बांधली होती तिनं. फाशात एक ससा. घरी पोरं दोन दिवसांची उपाशी आहेत म्हणे."

"मग?"

"मोळी ठेवून घेतली. कोयताही घेतला. ससा बंगल्यावर नेऊन खाल्ला."

मॅनेजर खो-खो हसला. "रूल इज रूल! अशा स्ट्रिक्ट ऑफिसर्समुळेच आपली जंगलं टिकली," असं म्हणून त्याने टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या.

ती बाई म्हणजे माझी आजी. त्या दिवशी ती रिकाम्या हातांनी घरी आली, तेव्हा वडील दारात बसून होते, हे मी लहानपणापासून ऐकत आलेलो. ते आता माझ्याकडेच बघत होते, मी काही बोलतो का म्हणून.

मीही टाळ्या वाजवल्या.