व्हरांड्यातला बाक

नोकरीतल्या बऱ्याच केसेस मी विसरलो. काही तर मुद्दाम विसरलो. व्हरांड्यातल्या बाकाची ही केस मात्र काही केल्या डोक्यातून जात नाही, आणि तिच्यात ना खून आहे ना दरोडा.

मी तेव्हा वाशीम जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. एके सकाळी गावात ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं केंद्र चालवणाऱ्या बाई पंधरा-वीस पालकांना घेऊन ठाण्यात आल्या. मुलांचे कॉलेज प्रवेशाचे भरून ठेवलेले अर्ज, स्कॅन केलेले दाखले, सगळं त्यांच्या कॉम्प्युटरमधून गायब झालं होतं. मुदत संपायला पाच दिवस होते.

"साहेब, काल सायंकाळलोक सगळं होतं. आज कोणतंबी फोल्डर उघडून राह्यलं नाई," बाई रडवेल्या झाल्या होत्या.

मी तक्रार लिहून घेतली, पंचनामा केला आणि कॉम्प्युटर सील करून मुद्देमालात जमा केला. कामाला लागलो याचं मला समाधान वाटलं.

त्याच दुपारी ठाण्यात फोन आला. बोलणाऱ्याने नाव सांगितलं नाही. म्हणाला, "गावात तो कॉम्प्युटर दुरुस्त करणारा हाय ना, तोच व्हायरस सोडते अन् तोच काढते. धंदा हाय त्याचा." हा फोन तालुक्याच्या गावी अँटीव्हायरस विकणाऱ्या दुकानदाराचा होता, हे मला पुढे कळलं. त्या वेळी मी खबर हातात आल्यासारखा खूश झालो.

दुरुस्त करणारा माणूस तिशीचा होता. आई गावाशेजारच्या मळ्यात भाजीपाला पिकवायची आणि बाजारात विकायची. हा कॉम्प्युटर शिकून आला होता. अनसिंगपासून शिरपूरपर्यंतची मशीन्स त्याच्याकडे येत. कारण बाकीचे लोक व्हायरस दिसला की फॉरमॅट मारून मोकळे होत, सगळा डेटा साफ. हा मात्र हाताने व्हायरस शोधून काढायचा आणि मशीन आधी होतं तसं करून द्यायचा. वॉलपेपरवरचा गजानन महाराजांचा फोटोसुद्धा जागच्या जागी राहायचा.

आमच्या ठाण्यात एक पद्धत होती. चौकशीला बोलावलेल्या माणसाला लगेच आत घ्यायचं नाही. व्हरांड्यातल्या बाकावर बसवून ठेवायचं. समोरच एसटीचा थांबा. येणाऱ्या-जाणाऱ्या गाडीतले सगळे त्याला बघणार. दोन तासांत माणूस अर्धा विरघळतो, असा आमचा अनुभव. या दुरुस्तीवाल्याला मी दोन दिवस त्या बाकावर बसवलं, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. मधूनमधून आत बोलवायचो.

"चार दिवसांपूर्वी केंद्रात कशाला गेला होतास?"

"मराठी टायपिंग बंद पडलं होतं साहेब. ते बसवाले गेलतो."

"मग फायली कुठे गेल्या?"

"गेल्या नाईत. लपल्या हायेत. हा व्हायरस खऱ्या फायली लपवते अन् त्यायच्या जागी खोटे आयकॉन ठेवते. मले मशीन द्या, अर्ध्या घंट्यात काढून देतो."

"मशीन न बघता तुला कसं माहीत?"

"असे तीन मशीन या आठ दिवसांत आले माह्याकडं. बाईंनं फोनवर सांगतलं, तवाच समजलं मले."

हा खरं सांगत होता. मला मात्र वाटलं, गडी अडकला. ज्याने लपवल्या त्यालाच ठाऊक की लपल्यात, एवढं माझं सरळ गणित. मी त्याची वही जप्त केली. तिच्यात प्रत्येक गिऱ्हाइकाचं मशीन आधी कसं होतं ते लिहिलेलं. कोणतं चिन्ह कुठे, कोणता कीबोर्ड, काय चालू, काय बंद. काम झाल्यावर जसंच्या तसं लावून देता यावं म्हणून. मी तिच्यावर पुरावा म्हणून चिठ्ठी चिकटवली.

दुसऱ्या दिवशी त्याची आई रिकामं टोपलं घेऊन बाजारातून थेट ठाण्यात आली.

"साहेब, माह्या लेकाले काहून बसवलं इथं? लोकं मले इचारून राह्यले."

"चौकशी आहे मावशी. सोडू."

"सोडसान तं खरं. पण बसवलेलं तं समद्यायनं पाह्यलं ना."

मी हवालदाराला त्यांना पाणी द्यायला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आमचा रायटर, म्हणजे ठाण्याचं लिखाणकाम बघणारा हवालदार, घाबराघुबरा होऊन माझ्या टेबलाशी आला. त्याच्या टायपिंगच्या मशीनवरचे सगळे फोल्डर उघडेनासे झाले होते. दोन दोषारोपपत्रं त्यात होती आणि कोर्टाची तारीख दुसऱ्या दिवशी. तेव्हा मी बाहेर गेलो आणि तिसऱ्या दिवशीही बोलावून बाकावर बसवलेल्या त्या माणसाला म्हणालो, "जरा आत ये. एक काम आहे." हे वाक्य आठवलं की आजही मान खाली जाते.

तो निमूट आत आला. मशीन सेफ मोडमध्ये चालू केलं. टास्क मॅनेजर उघडत नव्हता, फोल्डर ऑप्शन नाहीसं झालं होतं. व्हायरसने आधी तेच बंद केलेलं असतं, म्हणजे कुणी शोधायला जाऊ नये. त्याने कमांड द्यायची काळी खिडकी उघडून एक ओळ टाइप केली आणि आमचे फोल्डर एकेक करून परत दिसायला लागले. मग रजिस्ट्रीत, म्हणजे मशीनच्या सेटिंगांच्या आतल्या यादीत, शिरून बदललेल्या नोंदी हाताने दुरुस्त केल्या, मशीनबरोबर आपोआप सुरू होणारी व्हायरसची फाइल शोधली. ती पुसण्याआधी तिची तारीख बघितली आणि थांबला.

"हवालदारसाहेब, हा व्हायरस पेनड्राइव्हमधून येते अन् बरेच दिवस गपचूप बसते. तुमचा पेनड्राइव्ह बाहेर कुठं लागला होता?"

रायटर माझ्याकडे बघायला लागला. ठाण्याचा प्रिंटर महिनाभर बंद होता. प्रिंट काढायला तो पेनड्राइव्ह घेऊन बाईंच्या केंद्रावर जायचा. ठाण्यातले सगळे हेच करत होते, मलाही माहीत होतं. आणि रायटरने आपल्या पुतण्याच्या लग्नाचे फोटो कुठून तरी त्याच पेनड्राइव्हवर घेतले होते. ठाण्याच्या मशीनवरची फाइल त्या लग्नानंतरच्या दुसऱ्या दिवसाची होती. मी सील तोडून केंद्राचं मशीन आणवलं. त्यातली तारीख आठवडाभर नंतरची निघाली. व्हायरस ठाण्यातून गावात गेला होता.

त्याने बाईंच्या सगळ्या फायली तासाभरात काढून दिल्या. अर्ज मुदतीत गेले. पालक पेढे घेऊन आले ते माझ्यासाठी, आणि मी ते घेतले.

वही परत करताना मी त्याला म्हणालो, "पेनड्राइव्हचं बाहेर बोलू नकोस. ठाण्याची इज्जत आहे."

"नाई बोलत साहेब," तो म्हणाला. "तुमी लोकायले एवढंच सांगा का म्या काही केलं नाई."

मी हो म्हणालो. स्टेशन डायरीत लिहिलं, "चौकशीत संशयास्पद काही निष्पन्न झाले नाही." नियमाने ते पुरेसं होतं. गावात मात्र मी एका शब्दाने कुणाला काही सांगितलं नाही, कारण सांगायला गेलो असतो तर पेनड्राइव्हपर्यंत जावं लागलं असतं. लोकांनी त्याला बाकावर बसलेलं पाहिलं होतं, सुटलेलं पाहिलं नव्हतं. सहा महिन्यांत त्याच्या दुकानाला कुलूप लागलं. माझीही बदली झाली.

निवृत्तीनंतर मुद्दाम त्या गावी गेलो. त्याची आई बाजारात मेथीच्या जुड्या लावत होती. मी ओळख दिली आणि सगळं सांगितलं, पेनड्राइव्हसकट. त्यांनी ऐकून घेतलं.

"हे तवाच इथं बाजारात उभं राहून सांगतलं असतं तं?" एवढंच म्हणाल्या. मग पोराचा नंबर दिला.

लोकांची बदनामी होऊ नये म्हणून मी आठवणी लिहिताना कुणाचं नाव घेत नाही. ही केस लिहायला बसलो तेव्हा वाटलं, इथे नाव लिहिलंच पाहिजे. मी त्याला फोन केला. तो आता लांबच्या शहरात एका कंपनीत कॉम्प्युटरच सांभाळतो. माफी मागितली. मग विचारलं, तुझं नाव छापू का, निर्दोष होतास म्हणून?



"नोका छापू साहेब," तो म्हणाला. "इथं कोणाले मायतच नाई का मी कधी ठाण्यात बसलो होतो."

म्हणून या केसमध्येही नाव नाही. चौकशी संपल्यावर माणसाला ज्यांच्यासमोर बसवलं त्यांच्यासमोरच सोडायचं असतं, हे मला नोकरी संपल्यावर कळलं.