दादानं डावीकडे बसवलेला ब्रेक

फोन आला तेव्हा मी इंदिरानगरच्या घरी मेथी निवडत बसले होते. नांदगावच्या संग्रहालयातला माणूस बोलत होता. "ताई, तुमचे भाऊ ट्रॉलीशेजारी बसल्या बसल्या गेले..." मी त्याच्यावरच खेकसले, "बसलाय ना? मग उठवा त्याला!"

रघुनाथदादानं सातपूरच्या कारखान्यात फिटर म्हणून जन्म काढला. निवृत्तीनंतर गप घरी बसावं की नाही? तर हे खूळ डोक्यात घेतलं. नांदगावच्या त्या छोट्या संग्रहालयानं मागच्या आवारात रूळ टाकले होते आणि त्यांवर रेल्वेच्या जुन्या ढकलट्रॉल्या दुरुस्त करून चालवायच्या होत्या. साहेबानं बाकावर बसून रूळ तपासायचे आणि ट्रॉलीमननं मागून ढकलत पळायचं, ती ही ट्रॉली. आमचे आप्पा नांदगावलाच ट्रॉलीमन होते. एका धुक्याच्या सकाळी वळणावर समोरून गाडी आली आणि ट्रॉली रुळावरून उचलायला वेळच मिळाला नाही. दादा तेव्हा शाळकरी पोर होता, मी तर आईच्या कडेवर. म्हणून त्याच्या या उद्योगाचा मला संताप यायचा. "त्या मेलीनं बाप खाल्ला आपला, आणि तू तिला रंग लावत बस!" तो शांतपणे म्हणायचा, "शकू, आपल्याला खाऊही तिनंच घातलं." आणि पुन्हा पॉलिश पेपर घासायला लागायचा.

ट्रॉली सापडली तेव्हा तिचा ब्रेक गायब होता. दादानं नवा घडवला आणि बाकाच्या डाव्या हाताला बसवला. मग संग्रहालयाला एक जुना फोटो मिळाला, त्यात ब्रेक उजवीकडे! दादा कसला ऐकतोय... "फोटो उलटा छापलाय. मी लहानपणी रोज डोळ्यांनी पाहिलाय." भांडून घरी आला.

पण ते त्याला आतून खात होतं. एका संध्याकाळी माझ्याकडे आला, चहा निवला तरी कप हातात तसाच. "शकू, मी आप्पांची ट्रॉली कायम समोरूनच बघितली गं. संध्याकाळी फाटकाशी उभा राहायचो, ते येताना दिसायचे. समोरून उजवं ते डावीकडेच दिसणार ना? सकाळी निघायचे तेव्हा मी झोपलेला असायचो..." कप खाली ठेवून म्हणाला, "त्या दिवशीही झोपलोच होतो." सत्तरी ओलांडलेला माझा भाऊ स्वयंपाकघरात हमसून हमसून रडला. मी नुसता पाठीवरून हात फिरवत राहिले.

दुसऱ्याच दिवशी तो नांदगावला गेला. चुकीचा ब्रेक असताना ट्रॉली हलवायची नाही, असं सगळ्यांना बजावून त्यानं तो खोलून काढला. उजवीकडे खुणा करता करता दम लागला म्हणून खाली बसला, तो बसलाच.

तेरावं झाल्यावर त्याच माणसाचा पुन्हा फोन. "ताई, उद्घाटनाचे पाहुणे ठरलेत. ब्रेक परत डावीकडेच लावू का? भोकं तयार आहेत, पटकन होईल." मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण पहिली गाडी पकडून नांदगाव गाठलं आणि दादाच्या खुणांवर भोकं पाडून ब्रेक बसेपर्यंत कामगारांच्या डोक्यावर उभी राहिले.

मग चालवून बघायचं ठरलं. "बसा ना ताई," ते म्हणाले. मी नाही म्हटलं, मागंच थांबले. दोघांनी ढकलली, चार पावलं पळाले आणि उडी मारून वर बसले. ट्रॉली पाठमोरी निघाली... आप्पा गेले, दादा गेला. दोघांनाही जाताना मी पाहिलं नाही. ती रुळांच्या टोकाला पोचेपर्यंत मी नजर हलवली नाही.