हलका हात

कार्यक्रमालाही चालेल आणि रियाजालाही, असा एक डिजिटल स्टेज पियानो घ्यायचा म्हणून मी लेकीला घेऊन आमच्या गावच्या फ्रीगंज बाजारातल्या वाद्यांच्या दुकानात गेले. पुढच्या महिन्यात तिची पुण्याच्या संगीत कॉलेजची प्रवेश परीक्षा होती आणि ती खऱ्या पियानोवर द्यायची होती. घरी होता तो साधा कीबोर्ड. कसाही दाबा, आवाज तेवढाच.

पट्ट्या मऊ हव्यात, हे मी घरूनच ठरवून निघाले होते. तीस वर्षं पेटी वाजवतेय, आमच्या नानाखेडा वस्तीतलं भजन माझ्याशिवाय सुरू होत नाही, मला नाही कळणार तर कुणाला? लेकीलाही पहिल्या दिवसापासून मीच शिकवलं. "बोटं नुसती फिरव गं, हलका हात!" जोर लावला की बोटांवर टपली.

दुकानदारांनी एक पियानो पुढे केला. "बेटा, इस पर बजाओ. इसकी पट्टियाँ असली पियानो जैसी भारी हैं."

लेक परीक्षेचंच वाजवायला लागली. आणि आवाजच नाही! दोन सूर पुसट, तिसरा गायब. मी तडकलेच, "भैया, खराब पीस दिखा रहे हो क्या?"

एक पट्टी दुकानदारांनी जोरात दाबली, सगळं दुकान दणाणलं. तीच हळूच दाबली, जेमतेम ऐकू आली. "मैडम, इसमें आवाज़ उँगली से बनती है."

अगं बाई! मी मटकन स्टुलावर बसले. पेटीचा सगळा जोर भात्यात. डाव्या हातानं हवा भरायची, उजव्या हाताची बोटं नुसती फिरवायची. पियानोला भाता कुठे असतो? एवढी साधी गोष्ट मला एकदाही सुचू नये? सहा वर्षं टपल्या मारमारून मी पोरीच्या बोटांतला जोरच काढून घेतला होता.

"किसने सिखाया, बेटा?" दुकानदारांनी विचारलं, अगदी प्रेमानं.

लेकीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "खुद ही सीखा, अंकल. मोबाइल पर देखकर."

हा धक्का आधीच्यापेक्षा मोठा होता. टपल्या माझ्या, चूक माझी, आणि ही कार्टी मलाच पाठीशी घालतेय!

"झूठ बोल रही है," मी म्हणाले. "मैंने सिखाया है. ग़लत सिखाया है. सबसे भारी पट्टियों वाला दे दीजिए."

"आई, तो उचलायला पण जड आहे गं," लेक कुजबुजली.

"मी उचलेन. तू दाब. जोरात दाब."

तिनं सवयीनं आधी बोटं मागे घेतली, माझ्या हाताकडे बघत. मी दोन्ही हात पाठीमागे बांधले. मग तिनं दाबलं, सगळं दुकान दणाणलं, आणि मी भर दुकानात रडले.