सोळा दिवस छपरीत

लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा मला खालून पू जायला लागला. लघवीला बसलं की जीव जायचा. नवरा ठेकेदाराच्या लाकूडतोडीवर महिना महिना जंगलात राहायचा, हे दुखणं त्यानंच घरात आणलेलं. सासूबाई मला अहेरीच्या दवाखान्यात घेऊन गेल्या आणि बाहेर खिडकीखालच्या ओट्यावर बसून राहिल्या. आत नर्सबाईंनी सुई दिली आणि बजावलं, "हा परमा आहे. नवऱ्यानं सुई घेतल्याशिवाय त्याच्याजवळ जायचं नाही. पुन्हा होईल. आणि पोटी मूल राहिलं तर त्याचे डोळे जातील."

नवऱ्याला सांगितलं तर म्हणतो, "मले काय धाड भरली? मी नाई जात."

आता बोला! माहेरी कोणत्या तोंडानं सांगणार होते मी? एकच जागा सुचली. विटाळशी बाईला आमच्याकडे कोणी शिवत नसे. चार दिवस ती गोठ्याजवळच्या छपरीत एकटी. विटाळ नव्हताच, तरी मी तिथं जाऊन बसले.

पाचव्या दिवशी न्हाऊन घरात यायचं असतं. मी म्हटलं, "अजून थांबलं नाई." सहाव्या दिवशी तेच. नवरा अंगणातून ओरडायचा, "काऊन थांबत नाई व तुयं?" शेजारणी कुजबुजू लागल्या. शेणाचा वास, डास, पाय पसरायलाही जागा नाही. या कोंडवाड्याचा मला वीट आला होता आणि यातून बाहेर काढतील याचीच धास्तीही होती.

सातव्या दिवशी सासूबाई माझ्या वाळत घातलेल्या धडप्यांपुढं उभ्या राहिल्या. एकावरही डाग नव्हता. मी अशी मूर्ख, नाटकसुद्धा धड केलं नव्हतं! त्या आत गेल्या. संपलं, आता ओढून नेतात, असं मला वाटलं.

सासूबाई तळ्यातून आलेली मरळ चिरत बसल्या. मग उठल्या आणि लांबूनच एक फडकं माझ्यापुढं टाकलं. लाल, ओलं. मासळीचा वास येत होता.

"घाटावर जाऊन धू. सगळ्या बायाइले दिसू दे."

आणि अंगणात उभ्या लेकाला म्हणाल्या, "तू सुई घेतल्याबिगर इचं थांबत नाई. अहेरीले जा."

मी तोंडात पदर कोंबून रडले.

तो काही लगेच गेला नाही. गेला तो सोळाव्या दिवशी. तोवर आमच्या घरी रोज मासळी शिजली.